खातूबाईंचा तुडतुडा

रत्नागिरी शहराच्या वरच्या अंगाला, कातळाच्या सड्यावर, फळकीड संशोधन केंद्र नावाची एक सरकारी कचेरी होती आणि त्या कचेरीत दमयंती गोपाळकृष्ण खातू या बाई किडे काढत असत. काढत असत म्हणजे कागदावर. हा खुलासा त्यांना आयुष्यभर करावा लागला. लग्न होऊन आल्या तेव्हा शेजारणीनं सासूबाईंना विचारलं, सून कचेरीत काय काम करते. सासूबाईंनी जसं ऐकलं होतं तसं सांगितलं, किडे काढते. दुसऱ्या दिवशी शेजारीण सुपासकट तांदूळ घेऊन हजर.

बाई मूळच्या राजापूरच्या. बाजारपेठेत वडिलांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं, तिथे त्यांचा हात बसला. पुढे कोल्हापूरला राहून चित्रकलेची पदविका घेतली आणि शहात्तर साली केंद्रात चित्रकाराची जागा निघाली तेव्हा अर्ज केला. मुलाखतीला सात जण होते. टेबलावर एक कैरी ठेवलेली, ती काढून दाखवायची. सहा जणांनी गुटगुटीत, तकतकीत कैऱ्या काढल्या. बाईंच्या कैरीला देठापाशी सुईच्या टोकाएवढं भोक होतं आणि भोवती पिवळट डाग. मुलाखत घेणारे कीटकशास्त्रज्ञ आगाशेसाहेब उठले, टेबलावरची कैरी भिंगाखाली धरून ते भोक खरंच आहे ना याची खात्री करून घेतली, आणि शेजारच्या साहेबांना म्हणाले की बाकीच्यांनी कैरी काढली, या मुलीनं ही कैरी काढली. आठ दिवसांत नेमणुकीचं पत्र आलं.

आगाशेसाहेबांनी त्यांना पुढे जे शिकवलं ते कुठल्याही कलाशाळेत शिकवत नसत. किडा मेला की थोड्या वेळात त्याचा रंग उतरतो, म्हणून आधी रंग टिपून घ्यायचे, आकार नंतर. पाय मोजायचे. पाच भरले तर सहावा कुठे गेला ते शोधायचं. नाहीच सापडला तर दुसरा किडा आणायचा, पण मनानं पाय जोडायचा नाही. आंब्याच्या मोहोरातला रस पिणारा तुडतुडा तांदळाच्या दाण्याहूनही लहान. त्याच्या पाठीवरच्या इवल्याशा त्रिकोणात ठिपके दोन आहेत की तीन यावरून त्याची जात ठरते. बाई तो सूक्ष्मदर्शकातून बघून कागदावर वीतभर मोठा काढत. एका चित्राला तीन आठवडे लागत. घरी फ्रिजमध्ये कोकमाच्या आगळाच्या बाटलीशेजारी काड्यापेट्या असत आणि त्यात निरनिराळे नमुने. बाईंचे यजमान गोपाळकृष्ण खातू एस.टी. डेपोत कारकून होते, शांत माणूस. एकदा त्यांनी घाईत ओट्यावर राहिलेली चुकीची काड्यापेटी उघडली आणि काडीऐवजी भुंगा गॅसपाशी नेला. त्यानंतर घरात लायटर आला.

केंद्रात एक जुनं शिसवी कपाट होतं. त्यात शंभरएक वर्षांपूर्वीची एकेचाळीस चित्रं होती. कुणा गोऱ्या वनाधिकाऱ्यानं इथली झाडं आणि त्यांच्यावरचे किडे काढवून घेतले होते. प्रत्येक चित्राखाली साहेबाचं नाव वळणदार इंग्रजीत. पहिल्याच चित्राच्या मागे कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं मोडीत काहीतरी लिहिलेलं. बाईंना मोडी येत नव्हती, आगाशेसाहेबांनी वाचून दाखवलं: शिवा चितारी. बाकी काही नाही. बाईंनी तेव्हा त्या नावाचा फार विचार केला नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष त्यानं काजूची फांदी कशी बसवलीय याच्याकडे लागलं होतं. एकाच फांदीवर मोहोर, ओली बी आणि पिकलेलं बोंड. खाली एक किडा, त्याचा डावा पंख पसरलेला आणि उजवा मिटलेला. असा किडा जगात कुठे बसत नाही आणि अशी फांदीही सहसा कुणी पाहिलेली नसते. पण पंखाखालचं अंगही दाखवायचं आणि मिटून बसल्यावर तो कसा दिसतो तेही दाखवायचं, आणि कागद तर एकच. मग करणार काय? झाड वर्षभरात जे करतं ते बघणाऱ्याला एका नजरेत दिसलं पाहिजे, हा त्या शिवाचा हिशोब. बाईंनी तो उचलला आणि पंचवीस वर्षं त्याच रीतीनं चित्रं काढली.

इतकी वर्षं काम करून केंद्रात त्यांचं स्थान नेमकं काय, हे मात्र कुणाला सांगता येत नसे. शास्त्रज्ञांच्या बैठकीला त्यांना बोलावत नसत, कारण त्या शास्त्रज्ञ नव्हत्या. ज्येष्ठता यादीत त्यांचं नाव वाहनचालकाच्या खाली आणि रोपवाटिकेच्या मुकादमाच्या वर होतं. अठ्ठ्याण्णव साली यजमानांच्या आग्रहावरून त्यांनी करवंदीची फांदी आणि तिच्यावरचे सुरवंट असं एक चित्र एका कलामंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाला दिलं. मंडळानं ते परत पाठवलं. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं की चित्रात भावनेचा अभाव असून ते शास्त्रीय आकृती या सदरात मोडते, तरी विज्ञान प्रदर्शनात द्यावे. बाई आज्ञाधारक. त्यांनी ते विज्ञान प्रदर्शनाला दिलं. तिथून आठवड्यात उत्तर आलं की सदर चित्र अतिशय सुंदर असल्यामुळे विज्ञान विभागात स्वीकारता येत नाही. बाईंनी दोन्ही पत्रं एकाच फायलीला लावली. यजमान ती वाचून पोट धरून हसले. बाईंना काही हसू आलं नाही. त्यांनी चित्र पुन्हा भिंगाखाली धरलं आणि सुंदर नेमकं कुठे झालंय ते शोधत बसल्या.

दोन हजार एक साली आगाशेसाहेबांच्या नंतरच्या नंतरचे साहेबही निवृत्त झाले आणि केंद्रप्रमुख म्हणून डॉ. यज्ञेश परचुरे आले. त्यांच्याबरोबर एक संगणक आणि एक डिजिटल कॅमेरा आला. संगणकाला थंड हवा लागते म्हणून बाईंची उत्तरेच्या उजेडाची खोली संगणकाला मिळाली आणि बाई शिसवी कपाटासकट स्टोअररूममध्ये गेल्या. परचुरेसाहेबांनी पहिल्याच बैठकीत जाहीर केलं की हाताने चित्रं काढायचे दिवस संपले, यापुढे केंद्र अचूकतेकडे जाईल. मग बाईंना बोलावून, त्यांना वाईट वाटू नये म्हणून, त्यांच्या कलेचा यापुढेही पूर्ण उपयोग करून घेऊ असं सांगितलं. तो उपयोग असा: कार्यक्रम असेल तेव्हा दारात रांगोळी, प्रमाणपत्रांवर नावं, आणि बागेत लावायला "झाडास हात लावू नये" अशा चोवीस पाट्या. बाईंनी पाट्या रंगवल्या. वडिलांचाच धंदा होता. त्यांची चित्रं शिवा चिताऱ्याच्या चित्रांशेजारी शिसवी कपाटात गेली.

कॅमेऱ्यात पुष्कळ गुण होते. जिवंत तुडतुडा चकाकी बघून उडी मारी, मेलेला उताणा पडे, डोकं स्पष्ट आलं तर शेपूट धुरकट येई. हे सगळं साहेबांनी गोड मानून घेतलं. खरी पंचाईत दुसऱ्या वर्षी झाली. जानेवारीत शेतकरी मेळावा ठरला, मंत्री येणार होते, आणि आंब्यावरच्या किडींची रंगीत पुस्तिका त्यांच्या हस्ते प्रकाशित व्हायची होती. परचुरेसाहेबांनी वर कळवून टाकलं होतं की ही जिल्ह्यातली पहिली पुस्तिका, जिच्यात सगळे फोटो डिजिटल असतील. आणि महिना नोव्हेंबर. झाडावर ना मोहोर, ना कैरी, ना आंबा. तुडतुडे सालीच्या फटींत दडून बसलेले. कॅमेरा समोर असेल त्याचाच फोटो काढतो, हे तोपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

साहेबांनी खातूबाईंना केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. एक संदर्भचित्र हवं होतं. फक्त संदर्भासाठी, आपल्याआपल्यात. बाईंनी तीन आठवडे मागितले. साहेबांनी आठ दिवस दिले. नमुने म्हणून एक बाटली मिळाली. तिच्यात दोन वर्षांपूर्वी स्पिरिटमध्ये टाकलेले तुडतुडे तळाशी बसले होते.

बाईंनी जुन्या वह्या काढल्या. मोहोराच्या फुलाफुलाची टिपणं होती, रंग होते, तारखा होत्या. आठ दिवस त्या स्टोअररूममध्ये खिडकीशी बसल्या. जेवणाचा डबा तसाच घरी जाई. यजमानांनी पहिल्या दिवशी विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं, कारण बऱ्याच दिवसांनी बाई जेवताना गुणगुणत होत्या. चित्र झालं ते त्यांच्या सगळ्या चित्रांत सरस होतं. आंब्याची एक फांदी. डाव्या टोकाला फुललेला मोहोर, मधे कैरी, उजवीकडे पिकून पिवळा झालेला, खांद्यावर किंचित लाली असलेला हापूस. पानांवर तुडतुड्यांनी टाकलेली चिकट खार आणि तिच्यावर धरलेली काळी बुरशी. खाली तुडतुडा, वीतभर, डावे पंख पसरलेले, उजवे मिटलेले. प्रत्येक भागाला अक्षर, आणि किड्याशेजारी एक बारीक रेघ: खरा तुडतुडा एवढाच असतो.

साहेबांनी ते चित्र व्हरांड्यात खुर्चीवर टेकवलं आणि त्याचा फोटो काढला.

शहरातल्या छपाईवाल्यानं संगणकावर अक्षरं पुसली, रेघ पुसली, मागे हिरवा धूसरपणा भरला. पुस्तिका निघाली, मंत्र्यांनी तिची फीत सोडली. मुखपृष्ठावर ती फांदी, आत पहिल्या पानावर ठळक अक्षरांत: सर्व छायाचित्रे डॉ. यज्ञेश परचुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुस्तिका घेऊन केबिनमध्ये गेल्या. साहेबांनी त्यांना दारात बघितलं आणि उत्तराची तयारी केली. फोटो खरोखरच त्यांनी काढलेला होता, हे त्यांचं पहिलं उत्तर होतं. दुसरं, केंद्राचं काम हे सगळ्यांचं असतं. पण बाईंनी नावाचा विषयच काढला नाही. हापूसचा रंग भोपळ्यासारखा आलाय, असं त्या म्हणाल्या. आणि रेघ का पुसली? आता तुडतुडा आंब्याएवढा दिसतो, शेतकरी बागेत तेवढा किडा शोधत बसतील. साहेबांची दोन्ही उत्तरं वाया गेली. ते म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू.

घरी यजमान मात्र चिडले. ते सहसा चिडत नसत, त्यामुळे त्यांना ते नीट जमलं नाही. पुस्तिका आपटायला गेले आणि ती खाली पडेल म्हणून पुन्हा धरली. बाई म्हणाल्या की नावाचं मला काही नाही. मग त्यांनी कुंचले धुवायला घेतले. आधीच धुतलेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यांनी शिसवी कपाट उघडलं आणि शिवा चिताऱ्याची एकेचाळीस चित्रं एकेक करून उलटी ठेवली. अकरांच्या मागे नाव होतं. तिसांच्या मागे नव्हतं. पहिल्या काही चित्रांवर त्यानं लिहिलं, मग कंटाळला असेल, किंवा कुणीतरी बघितलं असेल.

परचुरेसाहेबांनी तो फोटो राज्य पातळीवरच्या एका छायाचित्र स्पर्धेला पाठवला आणि त्याला निसर्ग विभागातलं पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी नैसर्गिक प्रकाशाच्या वापराचं आणि छायाचित्रकाराच्या संयमाचं खास कौतुक केलं होतं. सत्कार सुरू झाले. पहिल्या सत्कारात साहेब म्हणाले, थोडं थांबावं लागलं. तिसऱ्यात ते ओल्या गवतावर तीन तास पालथे पडून होते आणि अंगाला मुंग्या डसत होत्या. पाचवा सत्कार शहरातल्या एका सभागृहात झाला. तिथे तुडतुड्यानं मान वळवून साहेबांकडे पाहिलं आणि दोघांमध्ये एक क्षणभर काहीतरी घडलं. सभागृहात टाळ्या पडल्या. खातूबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, दारातली रांगोळी त्यांचीच असल्यामुळे. तुडतुड्याला मान वळवता येते का, याचा त्या विचार करत होत्या.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण पुस्तिका शेतकऱ्यांपर्यंत पोचली. ही गोष्ट कुणी गृहीत धरली नव्हती. पुस्तिका प्रकाशित होतात, गठ्ठे बांधले जातात, गठ्ठे ठेवले जातात, असा आजवरचा रिवाज होता. या वेळी मंत्र्यांच्या मेळाव्यात त्या वाटल्या गेल्या आणि लोकांनी घरी नेऊन वाचल्या.

सावर्ड्याच्या आतल्या अंगाच्या एका वाडीतले महिपत घाग नावाचे बागायतदार पुस्तिका घेऊन केंद्रात आले. साठीचा माणूस, मुलगे मुंबईत, बाग स्वतः बघणारा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. झाडावर कैरी असताना पुन्हा मोहोर आला की झाडाचा जोर मोहोराकडे जातो आणि कैरी गळते. हा पुनर्मोहोर कोकणातल्या बागायतदाराचं डोकं खातो. आणि या फोटोत तर मोहोर आहे, कैरी आहे, आंबा पिकलाय, आणि काही म्हणजे काही गळलेलं नाही. तर ही जात कुठली, आणि तिची कलमं कधी मिळणार?

परचुरेसाहेबांना त्या वेळी खरं सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण समोरच्या भिंतीवर बक्षिसाचं सन्मानचिन्ह टांगलेलं होतं. ते म्हणाले की ही जात संशोधनाधीन आहे.

संशोधनाधीन हा शब्द जिल्हाभर वाऱ्यासारखा गेला. राजापूरपासून दापोलीपर्यंतचे बागायतदार केंद्रात येऊन नावं नोंदवू लागले. शिपाई धोंडू याला फक्त त्यासाठी एक टेबल देण्यात आलं. वरून पत्र आलं की नव्या जातीच्या नावाचा प्रस्ताव पाठवावा, आणि मंत्रिमहोदयांच्या मातोश्रींचं नाव सोपं व सुटसुटीत असल्याचंही त्यात सहज म्हणून नमूद होतं. नाव ठरलं. झाड तेवढं राहिलं होतं. दोन हजार चारच्या मे महिन्यात एक पाहणी समिती ते झाड बघायला येणार असं कळलं. समितीवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून महिपत घाग यांचं नाव होतं, कारण प्रश्न त्यांनीच पहिल्यांदा विचारला होता.

समिती यायच्या आदल्या दिवशी साहेबांनी बाईंना पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. पुन्हा खुर्ची, पुन्हा चहा. बागेतल्या एका झाडावर पिकले आंबे होते, उशिराच्या कैऱ्याही होत्या. प्रश्न फक्त मोहोराचा होता. क्रेपच्या कागदाचे चार-सहा तुरे, बाईंच्या हातचे, दहा फुटांवरून कुणाला कळले असते? समिती जवळ जाणार नाही याची व्यवस्था होती. जवळच्या मांडवात जेवण ठेवलं होतं.

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कुठल्याही साहेबाला नाही म्हटलं नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायचं कसं याची त्यांना सवय नव्हती.

"मी कागदावर काढते, सर," त्या म्हणाल्या. "झाडावर नाही काढत."

साहेब म्हणाले की फरक काय, दोन्हीकडे खोटंच आहे ना. एका फांदीवर मोहोर आणि आंबा तुम्हीच काढलात.

बाई उठल्या. त्यांना या प्रश्नाचं उत्तर नक्की येत होतं, पण ते तोंडानं देता येईना. त्या नमस्कार करून बाहेर पडल्या आणि स्टोअररूममध्ये जाऊन बसल्या. टेबलावरचे कुंचले त्यांनी जाडीप्रमाणे लावले, मग पुन्हा उलटे लावले.

त्याच दुपारी महिपत घाग केंद्रात आले. उद्याच्या समितीसाठी एक दिवस आधीच उतरले होते. साहेब भेटले नाहीत, धोंडूनं त्यांना सांगितलं की तुडतुड्याचं काही विचारायचं तर खातूबाईंना विचारा. घागांनी स्टोअररूमच्या दारात चपला काढल्या आणि विचारलं की बाई, ते झाड कुठल्या बाजूला आहे, जरा आधी बघून ठेवतो.

बाई उठल्या. त्यांनी शिसवी कपाट उघडलं, बटर पेपर बाजूला केला आणि मूळ चित्र टेबलावर ठेवलं.

घाग चित्रावर वाकले. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा बघू लागले. बाईंना वाटलं, आता हा माणूस रागावणार. वर्षभर कलमांची वाट बघितली त्यानं. पण घागांचं बोट रेघेवर थांबलं होतं. त्यांनी विचारलं की ही रेघ म्हणजे किड्याचं माप काय? बाई हो म्हणाल्या. मग त्यांनी अक्षरं वाचली, पाठीवरच्या त्रिकोणातले ठिपके मोजले, आणि पंखाचं विचारलं. बाईंनी शिवा चिताऱ्याची काजूची फांदी काढून शेजारी ठेवली आणि त्यांना सगळं सांगितलं. पंख असा का, मोहोर आणि आंबा एकत्र का. केबिनमध्ये जे उत्तर तोंडानं देता आलं नव्हतं ते इथे आपोआप येत गेलं. हे खोटं नाही, हे एका वर्षाचं चित्र आहे. क्षणाचं नाही.

घाग म्हणाले, "मग हे असंच छापायचं होतं. आमाला कळला असता."

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा बाईंना चित्र वाचणारा माणूस भेटला होता, आणि तो शास्त्रज्ञही नव्हता, कलावंतही नव्हता.

दुसऱ्या दिवशी समिती झाडाखाली जमली. परचुरेसाहेबांनी खेदानं सांगितलं की गेल्या आठवड्यातल्या वाऱ्यानं मोहोर झडून गेला. समितीच्या अध्यक्षांनीही खेद व्यक्त केला आणि मांडवाकडे पाहिलं. तेव्हा महिपत घागांनी पिशवीतून पुस्तिका काढली. बाई लांब, पाटीपाशी उभ्या होत्या. घागांचा आवाज मुळीच चढलेला नव्हता.

"साहेब, ह्या तुडतुड्याचा एक पंख उघडा हाय नि एक मिटलेला. मी तीस वर्षं तुडतुडे मारतोय, असा बसलेला एक बघितला नाय. तो तुमी बसवलात कसा?"

सगळ्यांनी पुस्तिकेवर माना वाकवल्या. राज्याचे परीक्षक, मंत्री, पाच सभागृहं यांच्या डोळ्यांखालून तो पंख गेला होता. आता मात्र एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.  परचुरेसाहेब हुशार होते. त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं की ही संयुक्त वैज्ञानिक छायाचित्रणाची पद्धत असून तिच्यात अनेक ऋतू आणि अनेक अवस्था एकाच चौकटीत आणल्या जातात. केंद्रानं ती विकसित केली आहे. जातीचं नाही, या पद्धतीचं संशोधन चाललं होतं, आणि शेतकरी बांधवांचा थोडा गैरसमज झाला.

अध्यक्षांनी "संयुक्त वैज्ञानिक छायाचित्रण" हे शब्द वहीत लिहून घेतले. एका सदस्यानं त्यांचं स्पेलिंग विचारलं.

घागांनी आणखी एकच गोष्ट केली. त्यांनी अध्यक्षांना सांगितलं की अक्षरं नि माप असलेलं मूळ चित्र या बाईंनी हातानं काढलंय, ते कपाटात पडलंय, शेतकऱ्याला ते पायजे. समितीला जेवायचं होतं, सूचना निरुपद्रवी होती, ती इतिवृत्तात आली. बाईंना मांडवात बोलावलं गेलं. वाढायला नव्हे, जेवायला. पान परचुरेसाहेबांच्या शेजारी होतं. दोघंही आमरसाच्या चवीवर बोलली.

वर्षभरात परचुरेसाहेबांची बढती होऊन पुण्याला बदली झाली. ती नवी पद्धत इतर केंद्रांना शिकवायची होती. कॅमेरा त्यांच्याबरोबर गेला. मंत्र्यांच्या मातोश्रींचं नाव शेवटी एका भाताच्या वाणाला मिळालं असं ऐकिवात आहे. आणि दोन हजार पाच साली पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात अक्षरं होती, रेघ होती, हापूस पिवळा होता, आणि कोपऱ्यात बारीक टाइपात छापलं होतं: चित्र श्री. द. गो. खातू.

यजमानांनी दुरुस्तीसाठी स्वतः अर्ज लिहिला. उत्तर आलं की आस्थापना यादीत पदाचं नाव "चित्रकार" असं असून ते पुल्लिंगी आहे. सबब दुरुस्ती करता येत नाही. या वेळी बाई हसल्या. यजमान म्हणाले की निदान आपल्या घरात दोन श्रीयुत खातू झाले, एकाला तरी बढती मिळेल.

सहा सालच्या जानेवारीत घागांनी दोघांना वाडीवर बोलावलं. मोहोर जोरात होता. आंब्याच्या पेट्या ठेवायच्या मांगरात, फवारणीच्या पंपाच्या वर, बाईंच्या चित्राची रंगीत झेरॉक्स खिळ्याला लावलेली होती. तिच्यावर ओल्या हातांचे डाग होते, औषधाचे शिंतोडे होते, आणि ठिपक्यांच्या त्रिकोणावर बोट ठेवून ठेवून कागद काळवंडला होता. गडी कामाला आले की आधी फांदीवरचा किडा आणून तिथे जुळवून बघत. आपल्या चित्राची एवढी दुर्दशा बाईंनी कधी पाहिली नव्हती. त्या पदरानं चष्मा पुसत उभ्या राहिल्या. कुठल्याही भिंतीवर लागलं असतं तरी त्यांना एवढं बरं वाटलं नसतं.

घागांच्या पत्नी काशीबाई ताकाचे पेले घेऊन आल्या. त्या सबंध हंगाम मोहोर झटकून तुडतुडे बघायचं काम करत. त्या चित्रापाशी येऊन थांबल्या, आणि जरा संकोचानं म्हणाल्या, "बाय, एक सांगू काय? ह्याचा डोळा असा काळा नसतो. मेल्यावर होतो. जित्तेपणी तांबूस असतो."

घाग बायकोवर डाफरणार होते. बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. स्पिरिटच्या बाटलीतले ते दोन वर्षांचे तुडतुडे त्यांना आठवले, आणि ते आठ दिवस. अंगाची, पंखांची टिपणं वहीत होती, डोळ्याचं नव्हतं. तो त्यांनी बाटलीतल्या तुडतुड्यावरून रंगवला होता.

"जिवंत मिळेल का एखादा?" त्यांनी विचारलं.

काशीबाईंनी पेले पेटीवर ठेवले आणि दोघी बागेत गेल्या. एका खालच्या फांदीचा मोहोर काशीबाईंनी काचेच्या बरणीत हलकेच झटकला आणि झाकण लावलं. बाईंनी पर्समधून भिंग काढलं, बरणी उजेडाकडे धरली. डोळा तांबूस नव्हता. तांबूसही नव्हता आणि तपकिरीही नव्हता, कोकमाच्या ओल्या सालीला आतून जो रंग असतो त्याच्या जवळपास काहीतरी, आणि वर एक फिकट पट्टा. यजमानांनी लांबून हाक मारली की साडेचारची गाडी चुकेल. बाई झाडाखालच्या दगडावर बसल्या, वही मांडीवर घेतली, आणि तारीख घालून डोळ्याचा रंग लिहायला लागल्या.